गर्भरेशमी आणि तीनशे वीस अंश

मंगळवार, २७ जानेवारी २०२६

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ दुकानातल्या घड्याळातली आहे आणि ती मी तिथेच पावतीच्या मागे लिहून घेतली, म्हणजे पुढे कोणी अकरा-पंचेचाळीस म्हणायला नको.

दुकान मोईजचं. चिखलीत बसस्टँडसमोर त्याचं ड्रायक्लीनिंग आहे. दहावी ब, मागून दुसरा बाक, विज्ञानात बावन्न. तेही मी दिले म्हणून. त्याने माझ्या साडीचं पुडकं काउंटरवर ठेवलं, मी सवयीने दोरा सोडला, आणि रॉकेलचा भपकारा आला.

"मोईज, हा कसला वास?"

"कुठं मॅडम?"

"माझ्या साडीला."

त्याने पदर नाकाशी धरला, डोळे मिटले, अत्तर हुंगावं तसा हुंगला. "मले तं नाई येत."

"सर्दी झालीय का तुला?"

"नाई मॅडम. वीस वर्षं झाले यातच हात हायेत. आता हे नाक नावालेच हाय."

चूक कबूल करायची नाही आणि वर नाकाची कहाणी ऐकवायची! साडी उचलून मी सरळ घरी आले.

ही साडी साधी नाही. आईची जांभळी गर्भरेशमी, हिरव्या काठाची. आई गेल्यावर बाकी सगळ्या साड्या वाटल्या गेल्या, ही एक वाटली गेली नाही. दिवाळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती चिखलीला माझ्याकडे, आखाजी ते दिवाळी मेहकरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, अन्नपूर्णेकडे. एकोणीस वर्षं हे चाललंय. नियम अन्नपूर्णेने केले: डांबरगोळ्या नाहीत, कापूर नाही, आणि काहीही झालं तरी दुकानात धुवायला द्यायची नाही. जो नियम मोडेल त्याने साडीवरचा हक्क सोडायचा. मी त्यावर सहीसुद्धा केली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पदरावर तुपाचा थेंब पडला. तो मी पाडला असं म्हणता येणार नाही. वाटी माझ्या हातात होती, एवढंच.

आणि आता अन्नपूर्णेच्या मुलीचं, पूनमचं, वीस फेब्रुवारीला लग्न आहे. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला तिला आजीची हीच साडी नेसायची आहे. माझ्याकडे तेवीस दिवस आहेत, अन्नपूर्णेच्या नाकाला किती बारीक वास लागतो ते मला ठाऊक आहे, आणि साडी गमवायची माझी तयारी नाही.

बुधवार, २८ जानेवारी

मोईजच्या टाकीतला द्रव बाटलीत मागून आणला. "कायले पाह्यजे मॅडम?" असं विचारत होता. "पुरावा," म्हटलं.

तो कपडे पाण्यात धुतच नाही. पाण्यासारखं दिसणारं एक तेल असतं, जालन्याहून वीस लिटरच्या निळ्या कॅनमध्ये येतं. तो त्याला पांढरं पेट्रोल म्हणतो. ते पेट्रोल नाही, हे मी त्याला दुकानात उभं राहून समजावलं. खनिज तेल तापवलं की त्यातले घटक एकदम उडत नाहीत. एस.टी.तले उतारू जसे आपापल्या फाट्यावर उतरतात तसे ते आपापल्या तपमानाला बाहेर पडतात. पेट्रोल पस्तीस अंशांपासून उतरायला लागतं आणि दोनशेच्या थोडं पुढे संपतं. मोईजचं तेल एकशे पंचेचाळीस ते दोनशे पाच. रॉकेल दीडशेला सुरू होऊन तीनशेपर्यंत रेंगाळतं. डिझेल सर्वांत हट्टी, साडेतीनशेच्याही पुढे बसून राहतं. पेट्रोलमध्ये कपडे धुतले तर दुकान पेटेल, रॉकेलमध्ये धुतले तर वास जन्मभर राहील, म्हणून मधलं घ्यायचं.

"हे तुम्ही दहावीले शिकोलं असतं असं, तर मी पास नाई का झालो असतो चांगला?" म्हणाला.

शिकवलं होतं. असंच शिकवलं होतं. हा तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

घरी येऊन गाळणकागदावर तीन थेंब टाकले. चांगलं असेल तर दोन तासांत कागद कोरा व्हायला हवा.

गुरुवार, २९ जानेवारी

सकाळी कागदावर तीन तेलकट चंद्र जसेच्या तसे. लेखी तक्रार केली, दोन प्रती, कागद सोबत जोडला. मोईजने पावतीच्या मागे उत्तर लिहून दिलं: "मॅडम साडी ठीक करून देतो. मोईज." तारीख नाही, स्वल्पविराम नाही. लाल पेनने दोन्ही टाकून परत पाठवलं, त्याने खाली पुन्हा सही करून आणून दिलं.

रविवार, १ फेब्रुवारी

आज तेहतीस वर्षं जिथे उभी राहिले त्या प्रयोगशाळेत उभी राहिले. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली. तो मुलगा सज्जन आहे, पण ऊर्ध्वपातनाची चंबू-नळी फुलदाणीसारखी कपाटावर मांडून ठेवली होती. धूळ पुसताना त्याच्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

मोईज सदरा इस्त्री करून आला होता. त्याला मी वाळूची बादली घेऊन दाराशी उभं केलं. ज्योत अजिबात नाही, विजेचीच शेगडी, खिडक्या सताड उघड्या. शंभर मिलिलिटर घेतलं. पहिला थेंब एकशे अठ्ठेचाळीस अंशांना पडला.

"बरोबर हाय ना मॅडम? मी म्हनत होतो!"

"बादली धर."

दोनशे अंशांपर्यंत एकसष्ट मिलिलिटर आलं, स्वच्छ, पाण्यासारखं. आता चंबू जवळजवळ रिकामा व्हायला हवा होता. खाली एकोणचाळीस मिलिलिटर पिवळं तसंच बसलेलं. थेंब थांबले, पारा चढू लागला. दोनशे तीस. दोनशे साठ. थेंब पुन्हा सुरू, आता जड, संथ. तीनशेला मला वाटलं, संपेल. रॉकेल असतं तर संपलं असतं. ते संपलं नाही. तीनशे वीसला मी शेगडी बंद केली. थर्मामीटर तीनशे साठचा आहे आणि शाळेत तो एकच आहे.

म्हणजे रॉकेल नव्हे. मी चुकले होते. चुकले असले तरी फार लांब नव्हते.

"डिझेल आहे हे, मोईज. तुझ्या तेलात जवळजवळ चाळीस टक्के डिझेल आहे. माझी साडी डिझेलमध्ये बुडवलीस तू."

मला वाटलं तो वाद घालेल. त्याने बादली खाली ठेवली आणि बाकावर बसला. मागून दुसऱ्या.

"चौदा नग दिले मॅडम त्या टाकीतून. लग्नाचे. शेरवान्या, शालू. लोकं मले तोंडावर बोलून नाई राह्यले, पन पुन्हा येनारबी नाईत. अब्बांच्या टायमाचं दुकान हाय."

मी चंबू धुतला. पुष्कळ धुवावा लागला.

सोमवार, २ फेब्रुवारी

अन्नपूर्णेचा फोन. पूनमचा ब्लाउज शिवून झाला, साडीच्या काठाला जुळतो का बघायचाय, "तू केव्हा आणतेस?"

"येईन सवडीने."

"ताई, साडी बरी आहे ना?"

"बरी म्हणजे? साडीला काय ताप येतो?"

जरा जास्तच फटकन बोलले. तिने पुढे विचारलं नाही. ती कधीच विचारत नाही. मला अमरावतीला कॉन्व्हेंटला घातलं आणि तिला घरी ठेवलं, तेव्हाही तिने काऊन म्हणून विचारलं नव्हतं. लोकांनी प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मोईज सकाळी आठलाच घरी. रात्रभर विचार केला म्हणे: टाकीतल्या जुन्या तेलात नवा कॅन ओतला, डिझेल आलं असेल तर त्यातूनच. डिझेल त्याच्या दुकानात येतच नाही, जालन्याचा व्यापारी वीस वर्षांचा माहीतला आहे. मग उरली जीप, ज्यातून कॅन येतो. गीताबाई, माझ्याकडे काम करतात त्या, भांडी घासता घासता म्हणाल्या, "मंग जीपवाल्याले विचारा नं. इथं चहा कायले पिऊन राह्यले?"

जीपवाला स्टँडवरच सापडला. आधी मान हलवत होता, मग मी कागद-पेन काढल्यावर त्याला आठवलं. पंधरा तारखेला त्याच्या टपावर दोन निळे कॅन होते. एक मोईजचा. दुसरा रस्त्यातल्या एका गावच्या पुंजाजी पाटलांचा: ते रिकामा कॅन जीपमध्ये टाकतात, हा पंपावर डिझेल भरून परतताना फाट्यावरच्या चहाच्या टपरीत ठेवतो.

"वरून कोणता कॅन उतरवला, ते कसं ओळखलंस?"

"निळा व्हता मॅडम."

दोन्ही निळे होते! त्याच्या वहीवर त्याच्याकडून लिहून घेतलं, सही घेतली, आणि आम्ही दोघं त्याच जीपने निघालो, मी पुढच्या सीटवर. तेवीस माणसं होती. मोईज मागे लोंबकळत आला. त्याला ती शिक्षा योग्यच होती, अर्थात चूक त्याची नव्हती हे आता दिसत होतं.

पुंजाजी मळ्यात इंजिनापुढे उकिडवे बसलेले. साठीचे, डोक्याला रुमाल. इंजिन सुरू होतं, पांढरा धूर सोडत ठसकत होतं.

"हे इंजिन कधीपासून असं करतंय?" मी विचारलं.

"तुमी कोन, कंपनीच्या का?"

"मी विज्ञानाची शिक्षिका आहे."

"मंग बरं झालं. पंधरा दिवस झाले बाई, निस्तं खोकून राह्यलं. हरभऱ्याले पानी पोचंना. मिस्तरीनं दोन डाव खोललं. मी पंपावर जाऊन भांडलो, पुऱ्या गावानं तिथून डिझेल घेनं बंद केलं."

"कॅन बघू."

कॅन अर्ध्यावर होता. ओंजळीत घेतलं, निळसर झाक नाही, पिवळेपणा नाही, पाण्यासारखं. "पुंजाजी, हे डिझेल असं पांढरं कसं, असा प्रश्न नाही पडला तुम्हाला?"

"पडला नं! मले वाटलं यावेळी भारीतलं आलं."

मोईज हसला. मग मीही हसले, आणि मग पुंजाजींना सांगितलं की गेले पंधरा दिवस त्यांचं इंजिन शेरवान्या धुवायच्या तेलावर चाललंय. ते इंजिनाकडे बघत राहिले.

"म्हंजे आतून साफ झालं असंल."

"फार साफ झालं. डिझेलला जे वंगण असतं ते यात नाही. लगेच बंद करा, नाहीतर पंप घासून जाईल."

त्यांनी धावत जाऊन बंद केलं. मग वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. जेवणावर माझा बहिष्कार होता, तो मी दुसऱ्या भाकरीपर्यंत पाळू शकले नाही. त्यांच्याकडूनही लिहून घेतलं: "कॅन बदलला हे मला न बघता कळायला पाहिजे होतं." वाक्य चुकलंय, पण भावना पोचते. पंपावर जाऊन गावासमक्ष माफी मागायचंही कबूल करवलं. ते कुरकुरले. "बाई, मानूस चुकलं तं चुकलं, गावासमोर कायले?" मी म्हटलं, "आरोप गावासमोर केलात ना?"

अर्धा कॅन परत आणला. मोईज तो मांडीवर घेऊन बसला होता, दोन्ही हातांनी धरून.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मोईजने टाकी रिकामी केली, पुसली, पुंजाजींकडचं तेल गाळून भरलं. आधी कागदावर तीन थेंब: दीड तासात कोरा. मग साडी. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कोऱ्या तेलात. सावलीत वाळवली. मी पाठवल्यावर चौदाही लोकांकडे तो स्वतः गेला, झालं ते सांगून कपडे परत आणले. दोन जणांनी बरंच सुनावलं म्हणे. एकाच्या आजीने त्याला सरबत दिलं.

"कॅनवर रंग लावतो मॅडम आता. माझा लाल."

"आणि नाव लिही. रंग जातो."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

साडीला मला आता काहीही वास येत नाही. गीताबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "थोडासाक येते हो बाई, घडीच्या आत." गीताबाईंना सगळ्याचाच वास येतो. कागद कोरा आहे. कागद खोटं बोलत नाही.

दोन-तीनदा दुकानात गेले. तपासणीसाठी. मोईजने माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलंय, ते काढायला सांगायचं राहून जातं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. मेहकर

साडी अन्नपूर्णेच्या हाती दिली. तिने घडी उलगडली, दोन्ही हातांवर घेऊन तोंडाशी नेली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. आईची आठवण आली असेल.

"तुपाचा डाग वगैरे काही नाही ना पडला?" म्हणाली.

"दिसतोय का तुला?"

"नाही गं. एकदम लख्ख."

मग तिने साडी मागच्या पडवीत वाऱ्यावर टाकली आणि रात्र झाली तरी काढली नाही. विचारलं तर म्हणाली, रेशमाला मोकळं ठेवलं की पडतं छान. हे शास्त्र मी कुठे वाचलेलं नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. मेहकर

सीमांतपूजन झालं. पूनम जांभळ्यात अशी दिसत होती की मी चष्मा दोनदा पुसला.

अन्नपूर्णेची व्यवस्था मात्र विचित्र. दोन्ही समया उचलून पार स्टेजच्या टोकाला नेल्या. औक्षणाला बायका जवळ आल्या तर म्हणे, "लांबूनच ओवाळा गं, गर्दी होते." गर्दी कुठली, पाच बायका होत्या. गुलाबपाणी तर पूनमवर इतकं शिंपडलं की वराची आई मागे सरकली. हौसेला काही मर्यादा!

एकदा कोणी एक विहीणबाई नाक वर करून म्हणाल्या, "कसला तरी वास येऊन राह्यला का वो?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात अन्नपूर्णा म्हणाली, "जनरेटरचा असंल बाई, मागं लावलाय." केवढा योगायोग. मला जनरेटर कुठे दिसला नाही, आवाजही नव्हता, पण असेल मागे.

सुटले. कोणाला काही कळलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

लग्न थाटात झालं. दुपारी परत आले, बर्फी द्यायला दुकानात गेले. मोईजने विचारलं, "मॅडम, बहिनबाईले पटलं का?"

"काय पटायचंय? तिला कळलंच नाही."

"म्हंजे सांगतलं नाई तुमी?"

"गरज पडली नाही."

त्याने बर्फी खाल्ली, हात पुसला, इस्त्री उचलली. मग खाली मान घालूनच म्हणाला, "मी चौदा घरी गेल्तो मॅडम. तुमीच पाठोलं. तुमचं तं एकच घर व्हतं."

उर्मट कार्टं. बावन्न मार्क!

स्टुलावरून उठून घरी आले. जेवण गेलं नाही. माझ्याकडे जीपवाल्याची सही आहे, पुंजाजींची आहे, मोईजची दोनदा आहे. माझी कुठेच नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या कागदावर सोडून.

रविवार, २२ फेब्रुवारी

चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेलं. मूळ प्रत उद्या रजिस्टर पोस्टाने, ही नक्कल इथे.

चि. अन्नपूर्णेस,

आपल्या करारातला तिसरा नियम मी मोडला आहे. बुधवार, २१ जानेवारी रोजी दुपारी चार वाजता आईची साडी मी दुकानात धुवायला दिली, कारण संक्रांतीला तिच्यावर तूप सांडलं. ते मी सांडलं. तिथे ती डिझेलमध्ये बुडाली. दुकानदाराची चूक नव्हती, कॅन जीपवर बदलला. जबाब सोबत जोडले आहेत. नंतर ती तीनदा धुतली. तुझ्यासमोर मी "दिसतोय का तुला" असं म्हणाले, ते उत्तर नव्हतं. ती पळवाट होती. गीताबाई म्हणतात, घडीच्या आत अजून थोडा वास आहे. मला येत नाही, पण आता माझ्या नाकावर मी पैज लावणार नाही. म्हणून एवढं ऐक: साडी पूनमजवळ असेल तर तिला दिव्यापासून, गॅसपासून दूर ठेवायला सांग. यावर हसू नकोस.

कराराप्रमाणे साडीवरचा माझा हक्क गेला. मी तो सोडते. खाली सही आहे.

परंतु एक विनंती करण्याचा हक्क त्या कागदात कुठेही काढून घेतलेला नाही, मी आज तो दोनदा वाचला. दिवाळीला साडी चार दिवस तरी चिखलीला पाठवशील का? नेसणार नाही. तू बरोबर आलीस तर तूच घाल घडी.

हो किंवा नाही, एवढं लेखी हवं, तुझ्या हस्ताक्षरात. फोन करायचा नाही, पूनमकडून निरोप द्यायचा नाही, आणि "जाऊ दे गं ताई" हे उत्तर म्हणून धरलं जाणार नाही. मुदत रविवार, १ मार्च २०२६, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. त्या दिवशी टपाल येत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा स्वतः घेऊन ये.

तुझी,
सुभद्रा